आखाजीशिवाय फॉर्म नाही

नाना डोळे मिटून विमा विकायचे. समोरचा माणूस बोलायला लागला की त्यांच्या पापण्या हळूहळू खाली येत, मान डावीकडे कलत असे आणि नवख्याला वाटे, म्हातारा झोपला. तो बिचारा बोलणं थांबवून इकडेतिकडे बघायला लागे. तेवढ्यात नाना डोळे न उघडताच म्हणत, "मंग? काकास्ले पुढे काय व्हयनं?"

काका बहुधा कधीच वारलेले असत आणि नानांना नेमकं तेच हवं असे. आरोग्य विमा जिवंत माणसांचा काढायचा, पण चौकशी मेलेल्यांपासून सुरू करायची, ही त्यांची पद्धत. कोण कशाने गेलं, शेवटी पायांवर सूज होती का, जिना चढताना दम लागायचा का. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे भाऊ म्हणतात, ते पहिल्याच भेटीत या गप्पांत इतके रमले की चहा संपेपर्यंत त्यांनी दोन चुलते, एक मावशी आणि केळीच्या बागेत चक्कर येऊन पडलेले आजोबा अशा चौघांना पुन्हा एकदा मारलं. नाना गेल्यावर म्हणाले, "माणूस मोठा रसिक आहे."

जळगावात पिंप्राळ्याला आमच्या मागच्याच गल्लीत ते मुलाकडे राहायचे. उभी नोकरी हिवताप खात्यात गेली होती. गावोगाव सायकलवर फिरायचं, तापलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, आणि निघताना दाराच्या चौकटीवर गेरूने तारीख आणि शेरा लिहायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी विम्याची एजन्सी घेतली, पण पिशवी तीच खात्याची खाकी राहिली. तिच्यात फॉर्म असत, चष्म्याचं मोकळं घर असे, आणि एका औषधाच्या डबीत गेरूही असे. कुणाच्याही घरी गेले की आधी चौकटीवरून हात फिरवत आणि मग पायरीवरच बसत. सोफ्यावर बसा म्हटलं तर म्हणत, "तठे बसलो की मी पाहुणा होतो. पाहुण्याला कोणी खरं सांगत नाही."

दुसरे एजंट मार्चमध्ये चपला झिजवतात. नाना मार्चमध्ये अंगणात बाज टाकून लिंबाखाली पडून राहत. कुणी फॉर्म मागायला आलं की सांगत, आखाजी होऊ द्या. नवरात्रात विचारलं तरी आखाजी, दिवाळीत विचारलं तरी आखाजी. खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून तिच्यावर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, झाडांना झोके बांधतात, आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. नानांचं म्हणणं असं, की त्या एका दिवशी गेलेलेही घरात जेवायला असतात आणि दिलेल्याही. "आंडेर येवाशिवाय घर पुरं व्हत नही," ते म्हणत. आंडेर म्हणजे लेक. बाप्ये विचारतात हप्ता किती, आणि घरातलं कोण केव्हा आजारी होतं हे लेकींना पाठ असतं, हा त्यांचा अनुभव. झोक्यावर बसलेली बाई खोटं बोलत नाही, असंही ते म्हणत. ते कशावरून, हे मात्र कधी सांगितलं नाही.

एका शब्दाशी त्यांचं वैर होतं. फॉर्ममध्ये पूर्वीच्या आजारांचा रकाना असतो. बाकीचे एजंट तिथे 'निरंक' असा शब्द ठोकून देतात, म्हणजे काही नाही, पुढे चला. नानांच्या देखत कुणी तो शब्द लिहिला की ते फॉर्म फाडत आणि नवा काढत. साखर नाही, रक्तदाब नाही, फिट नाही, दमा नाही, असं एकेक नाव घेऊन नाही म्हणायला लावत. "एकदम बठ्ठास्ले नही म्हणणं लई सोपं ऱ्हास," एवढंच पुटपुटत. सगळ्यांना एकदम नाही म्हणणं फार सोपं असतं, असा त्याचा अर्थ.

दोंडाईच्याला एका राजस्थानी घराण्यातल्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे ते मला वाटतं तीन वर्षं नुसते चहा पिऊन आले. शेटजी दरवेळी सांगत, आमच्या घरात आजार नावालाही नाही, सात्त्विक खाणं आहे. चौथ्या वर्षी आखाजीला घर भरलेलं असताना चहाचा ट्रे आला. सात कप एका बाजूला, तीन वेगळे. नानांनी त्या तिन्हींकडे बोट दाखवून विचारलं, "शेटजी, बठ्ठा निरोगी शेतस ना? मंग हाऊ बिनसाखरना च्या कोना शे?" शेटजी गोरेमोरे झाले, माहेरी आलेल्या दोन लेकी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तिसरा कप खुद्द शेटजींनी उचलला. तो फॉर्म त्या दिवशी पुरा झाला. ही गोष्ट नाना स्वतः सांगायचे आणि दरवेळी कपांची संख्या बदलायची.

आमच्या घरी ते आले तेव्हा आम्ही पाच माणसं होतो. भाऊ, सासूबाई, माझा नवरा, मी आणि चार वर्षांची मुलगी. नवऱ्याला तेव्हा विम्याचा ध्यास लागला होता. जेवताना ताटाशेजारी मोबाईल, त्यावर तक्ता, तक्त्यात रंगीत चौकोन. शेवटी दोन योजना उरल्या. एक त्याच्या ऑफिसातल्या मित्राने सुचवलेली. हप्ता कमी, तपासणी नाही, प्रश्न जवळजवळ नाहीतच. 'सर्व सदस्य निरोगी आहेत' अशा एका ओळीखाली सही केली की झालं. दुसरी नानांची. हप्ता जास्त, चार पानं प्रश्न, आणि आधीपासूनचा काही आजार निघाला तर त्या आजारासाठी तीन वर्षं थांबायचं.

"नाना, तीन वर्षं फुकट हप्ते भरायचे?" नवरा म्हणाला. "त्यापेक्षा ही बरी ना? काही विचारतच नाहीत."

"आत्ता विचारत नाहीत," नाना डोळे मिटून म्हणाले. "माणूस दवाखान्यात पडल्यावर विचारतात. तेव्हा जुने कागद शोधतात. तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही घाबरलेले असता."

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "माहेर कोणतं, माय?"

मी दोंडाईच्याजवळच्या आमच्या खेड्याचं नाव सांगितलं. नाना माझ्या तोंडाकडे न बघता तांब्या धरलेल्या हाताकडे बघत राहिले, डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे. मग पाणी प्यायले, फॉर्म पिशवीत घातले आणि म्हणाले, "आखाजी होऊ द्या." नवरा चिडला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले, कारण मीही त्यांना ओळखलं होतं.

मी अकरा वर्षांची असताना मला ताप यायचा. उतरायचा, पुन्हा यायचा. तेव्हा खाकी पिशवीचा एक माणूस सायकलवरून आमच्या गावी येई, आम्ही पोरं त्याला हिवतापवाले म्हणून पळायचो. त्याने माझ्या त्याच बोटातून दोनदा रक्त नेलं. दोन्ही वेळा हिवताप निघाला नाही. चौकटीवर शेरा लिहून त्याला जाता आलं असतं, त्याचं काम तेवढंच होतं. पण तो बसला, माझा सुजलेला गुडघा दाबून बघितला आणि वडिलांना म्हणाला, हा सांध्यांचा ताप आहे, हा हृदयात उतरतो, उद्याच धुळ्याला न्या. वडिलांनी नेलं. मग पुढे कित्येक वर्षं दर तीन आठवड्यांनी धुळ्याला जाऊन इंजेक्शन. हृदयाची एक झडप थोडी गळते, असं डॉक्टरांनी सांगितलं. लग्न ठरायच्या वर्षी आईने सगळे कागद कुरडयांच्या डब्याखाली ठेवले आणि मला बजावलं, आता तुला काही झालेलं नाही. सासरी मी सात वर्षं काही झालेलं नसल्यासारखी राहिले. जिना चढताना मध्येच थांबून मुलीला खिडकीतली चिमणी दाखवायची, म्हणजे दम घेता येई.

त्या आखाजीला मी पॅसेंजरने माहेरी गेले. बाहेर उन्हाने शेतं पांढरी पडली होती, डब्यात सगळ्या माझ्यासारख्याच माहेरवाशिणी पेंगत होत्या, आणि मला वाटत होतं की ही गाडी दोंडाईच्याला थांबूच नये, अशीच पेंगत पुढे जावी. सासरी कळलं तर काय, आणि न लिहिता उद्या काही झालं तर मुलीचं काय, या दोनच गोष्टी आलटूनपालटून मनात येत होत्या.

दुपारी जेवणं झाली. ओसरीत घागर होती, तिच्यावरचा आंबा उन्हाने गरम झाला होता. लिंबाला झोका होता. लहानपणी मैत्रिणी गाणी म्हणत उंच झोके घ्यायच्या तेव्हा मी खाली बसून त्यांच्या चपला राखायची. आता रिकामा दिसला म्हणून नुसती टेकले. आणि फाटकातून नाना आले. नदीपलीकडचं गाव त्यांचं, आखाजीला ते तिथे येत, तिथून चालत आले होते.

आई कपाळाला हात लावून ओसरीतून धावत आली. तिला मी सकाळीच सगळं सांगितलं होतं. "नाना, तेवढं नका लिहू. पोरीचा संसार चांगला चाललाय. मी पाया पडते तुमच्या."

"मी काही लिखाव नही," नाना म्हणाले आणि लिंबाच्या बुंध्याशी बसले. "मी फक्त रकाना रिकामा ठेवतो. लिहायचं तर तिने लिहायचं, तिच्या अक्षरात. मास्तरीण आहे ती."

मी म्हणाले, "आणि नाही लिहिलं तर?"

"तर तुझ्या नवऱ्याची ती दुसरी योजना घ्या. तिच्यात रकानाच नाही. मी रागावणार नाही."

मग त्यांनी डोळे मिटले. या वेळी कुणी काही सांगत नव्हतं, तरी मिटले. कुठेतरी दुसऱ्या वाड्यावर बायकांचं आखाजीचं गाणं चाललं होतं, ते वाऱ्याबरोबर येई आणि जाई. मग ते झोपेतल्या माणसासारखं हळू बोलायला लागले.

"मी खात्यात नवा होतो. एका घरात पोरगी तापली होती. लग्न चार दिवसांवर. घरातले म्हणाले, रक्त नको घेऊ. वहीत नाव चढेल, गावभर होईल, वरपक्षाला कळेल. मी रक्त घेतलं नाही. चौकटीवर निरंक लिहिलं आणि मीच पंगतीत वाढायला उभा राहिलो. पोरगी सासरी गेली. पहिल्या आखाजीला तिचा भाऊ आणायला जाणार होता." त्यांनी डोळे उघडून झोक्याकडे बघितलं. "त्याच्या आधीच ताप डोक्यात गेला."

आई पदराने डोळे पुसायला लागली. मी झोक्याची दोरी घट्ट धरून बसले होते. नाना उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "तीन वर्षं जातात, माय. सोमवारी येतो पिंप्राळ्याला."

सोमवारी दुपारी सगळे बैठकीत होते. कूलर घरघरत होता, मुलगी भाऊंच्या मांडीवर झोपली होती. नानांनी एकेकाचे प्रश्न वाचले. ते वाचायचे पोथी वाचल्यासारखे, एका लयीत, त्यामुळे भाऊ दोनदा डुलकी घेऊन उठले. साखर नाही, रक्तदाब भाऊंना आहे, गोळी सकाळची. माझ्या नावाशी आले आणि त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला, पेन वर ठेवलं.

मी लिहिलं. वय वर्षं अकरा, सांधेताप, हृदयाची झडप गळते, धुळ्याला उपचार. माझं अक्षर फळ्यावर सरळ येतं, त्या दिवशी ओळ खाली घसरली. नवऱ्याने वाकून वाचलं. पुन्हा वाचलं. "हे केव्हाचं आहे?" त्याने विचारलं, आणि मी सांगितलं. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त म्हणाला, "जिन्यात चिमणी दाखवायचीस ती यासाठी?" आणि बाहेर जाऊन स्कूटरजवळ उभा राहिला. सासूबाई उठून देवघरात गेल्या.

नानांनी फॉर्म घडी न घालता पिशवीत ठेवला. जाताना डबी काढून गेरू कालवला आणि आमच्या नव्या रंगाच्या चौकटीवर बारीक अक्षरात तारीख टाकली, पुढे माणसांचा आकडा लिहिला, पाच. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. घर मोडून वर त्याच्यावर तारीख टाकतो हा माणूस, असं वाटलं.

सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालताना म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं ना, तर मी नाही म्हटलं असतं. या घरात आली नसतीस." त्यांनी आणखी दोन बिबड्या थापल्या. "म्हणून म्हणते, तेव्हा नाही सांगितलं ते बरं झालं. पण आता पाण्याची कळशी तू उचलायची नाही." त्यानंतर खरंच त्यांनी मला कळशी उचलू दिली नाही, आणि त्यावरून आमची जी भांडणं झाली ती वेगळीच.

कंपनीने माझ्या तपासण्या मागवल्या, दीड महिना उत्तर दिलं नाही, मग हप्ता वाढवून फॉर्म स्वीकारला. नवऱ्याने तक्ता मोबाईलमधून काढून टाकला. आणि मग दर आखाजीला, मी जिथे असेन तिथे, नानांचा फोन यायचा. ख्यालीखुशाली काही नाही. "एक गयं," एवढंच. पुढच्या वर्षी, "दोन गयात." तिसऱ्या आखाजीला आवाज खोल गेला होता, मध्ये खोकला आला. "तीन गयात, माय. आते मोकळी."

त्याच दिवाळीआधी मला दम इतका लागायला लागला की मुलीला चिमणी दाखवायलाही शब्द फुटेना. नाशिकला झडपेची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्याच्या खिडकीवर माझा जुना फॉर्म संगणकात उघडला तेव्हा तिथे माझी ती घसरलेली ओळ दिसली, असं नवऱ्याने मला नंतर सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं. मी घरी आले तोवर नाना गेले होते. तेही नऊ दिवसांपूर्वी, बाजेवर पडल्या पडल्या, डोळे मिटून. मुलगा म्हणाला, आम्हाला संध्याकाळपर्यंत वाटलं की ऐकताहेत.

या आखाजीला मी माहेरी गेले आणि आईला घेऊन नदी ओलांडून त्यांच्या गावी गेले. नानांच्या बायको, काकू, गावीच राहत; त्यांना भेटायचं राहिलं होतं. मातीचं छोटं घर, भिंती नव्याने सारवलेल्या. फक्त दाराची चौकट कुणी रंगवलेली नव्हती. डावीकडे, नाना जिथे हात फिरवायचे त्या उंचीवर, गेरूचं जुनं अक्षर होतं. तारीख वाचता येत नव्हती. पुढचा शब्द वाचता येत होता.

निरंक.

मी अक्षर ओळखलं. माझ्या घराच्या चौकटीवरचा पाच त्याच हाताचा होता.

काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "मनी नणंदना लगीनना वखतले लिखेल शे त्यासनी," त्या म्हणाल्या. त्यांची नणंद, म्हणजे नानांची बहीण. "कधी पुसू दिनं नही. दिवाळीले मी रंग देवाले उठनी की म्हणेत, तेवढं सोड."

अंगणात लिंबाला झोका बांधलेला होता. त्या घरात लेक नव्हती, कधीच नव्हती, एक मुलगा होता तो जळगावला. तरी नाना दर आखाजीला इथे येऊन झोका बांधत आणि फिरून आले की अंधार पडेपर्यंत त्याच्यासमोर बसत, असं काकूंनी सांगितलं. यंदा त्यांनी स्वतः स्टुलावर चढून बांधला होता, म्हणून एक दोरी आखूड झाली होती.

"बस ना, माय," त्या म्हणाल्या. "कोनीतरी बसाले पाहिजे."

मी बसले. काकूंनी मागून धक्का दिला, मग आईने दिला. झोका तिरका चालत होता. मी पाय लांब केले, पाठ मागे टाकली आणि आणखी उंच घेतला, लिंबाच्या पानांना बोटं लागेपर्यंत. खाली आईचा जीव वरखाली होत होता, ती म्हणत होती, पुरे गं, दम लागेल. मला दम लागला नाही.